कोकणातल्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर बसवताना

कोकणात अंघोळीचं पाणी तापवायला ऊन कमी पडत नाही. ऑक्टोबर ते मे पॅनेल तापतंच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रारी येतात त्या वेगळ्याच: तळमजल्यावाल्यांना अर्धी बादली थंड पाणी आधी सोडून द्यावं लागतं, टाकी दोन-तीन वर्षांत गळायला लागते, आणि गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना नळाला कोमट पाणी येतं. तिन्हींचं मूळ पॅनेलमध्ये नसतं. ते असतं पाइपात, टाकीच्या धातूत आणि पावसाळ्याच्या सोयीत. म्हणून कोटेशन मागवण्याआधी पुढच्या गोष्टी ठरवून घ्या.

किती लिटरची सिस्टिम घ्यायची

कंत्राटदाराचा हिशोब सोपा असतो: फ्लॅटमागे १०० लिटर, सोळा फ्लॅट, म्हणजे १६०० लिटर. आपल्याकडे हा हिशोब दोनदा चुकतो.

पहिली चूक पाण्याची. इथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हिवाळा सोडला तर २७ अंशांच्या आसपास असतं. सोलरच्या टाकीत ६० अंशांचं पाणी असेल तर ४० अंशांची २० लिटरची बादली भरायला फक्त ८ लिटर गरम पाणी लागतं, बाकीचं १२ लिटर साध्या नळाचं. माणशी दोन बादल्या धरल्या तरी १६ लिटर. पाइपातली घट मिळवून २० धरा. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहणाऱ्यांचा आकडा ३० च्या पुढे जातो, तेवढी वाढ त्या घरांपुरती करा.

दुसरी चूक माणसांची. किनाऱ्यालगतच्या किती तरी बिल्डिंगांत निम्मे फ्लॅट चाकरमान्यांचे असतात. शिमगा, मे महिना आणि गणपती सोडले तर कुलूप. सोळापैकी नऊ घरं राहती असतील तर ९ गुणिले ४ माणसं गुणिले २० लिटर, म्हणजे ७२० लिटर. इथे १००० लिटर भरपूर झालं, तेही ५०० च्या दोन टाक्यांत, म्हणजे एक दुरुस्तीला काढली तरी दुसरी चालू राहते. उगाच १६०० लिटर बसवलं तर रोज न वापरलेलं पाणी ८५-९० अंशांवर जाऊन पोचतं, व्हेंटमधून (टाकीवरच्या उघड्या पाइपातून) वाफ निघते, रबरी सील कडक होतात आणि एखाद्या लहान पोराचा हात भाजतो. बिल्डिंग बराच काळ ओस पडणार असेल तेव्हा पाणी तापवणाऱ्या निम्म्या काचेच्या नळ्यांवर शेडनेट टाकून ठेवणं हा साधा उपाय आहे. दोन टाक्या जोडताना थंड पाणी एका टोकाच्या टाकीकडून आत घ्या आणि गरम पाणी दुसऱ्या टोकाकडून बाहेर काढा. दोन्ही एकाच बाजूला जोडले तर जवळची टाकी आधी रिकामी होते आणि लांबची तशीच भरलेली राहते.

आधी पाण्याचा रिपोर्ट

टाकी निवडण्याआधी बोअर, विहीर आणि नळयोजना या तिन्ही पाण्यांचे नमुने प्रयोगशाळेत द्या. पीएच, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा, क्लोराइड आणि लोह एवढं पुरेसं आहे. नमुना मे महिन्यात घ्या. बोअर खाली गेलेलं असतं आणि खाडीजवळचं पाणी तेव्हा सर्वांत मचूळ असतं. पावसाळ्यात घेतलेला रिपोर्ट फसवतो.

जांभ्याच्या पठारावरचं विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं, पण किंचित आम्ल. त्याने क्षार साचत नाहीत, धातू मात्र झिजतो. फ्लॅट प्लेट पॅनेलमध्ये, म्हणजे काच लावलेल्या सपाट पेटीत, तांब्याच्या नळ्या असतात, पीएच ६.५ च्या खाली असेल तर तांबं हळूहळू पाण्यात उतरतं आणि बेसिनवर हिरवट-निळा डाग उमटतो. तो दिसला की समजायचं. अशा पाण्याला व्हॅक्यूम नळ्यांची (दुहेरी काचेच्या, मधली हवा काढलेल्या) सिस्टिम घ्या, किंवा फ्लॅट प्लेटच घ्यायचं तर हीट एक्स्चेंजर असलेलं, म्हणजे वापरायचं पाणी पॅनेलच्या नळ्यांतून जात नाही. खाडीकडच्या बोअरचं उलटं असतं: क्लोराइड. साधी एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ ची टाकी गरम क्लोराइडयुक्त पाण्यात वेल्डिंगच्या शिवणीजवळून टाचणीएवढ्या भोकांनी फुटते. क्लोराइड लिटरला १०० मिलिग्रॅमच्या पुढे असेल तर एसएस ३१६एल मागा, किंवा आतून काचेचा लेप असलेली टाकी, मॅग्नेशियम रॉडसह. तो रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो. दर वर्षी उघडून बघायचा आणि पेन्सिलीएवढा बारीक झाला की बदलायचा. कोटेशनवर नुसतं ‘एसएस टँक’ लिहिलेलं असेल तर ग्रेड आणि पत्र्याची जाडी लेखी घ्या. तोंडी ग्रेड नेहमी ३१६ च असतो.

नळ्या की फ्लॅट प्लेट? ढगाळ दिवशी व्हॅक्यूम नळ्या थोडं जास्त देतात आणि स्वस्त पडतात. पण आजूबाजूला माड असतील किंवा वानरांचा फेरा असेल तर विचार करा. एक वाळकी झावळी पडली की तीन नळ्या जातात. फ्लॅट प्लेटची टफन्ड काच असले फटके बऱ्यापैकी सोसते. १००० लिटरला ५८ बाय १८०० मिलिमीटरच्या सुमारे १०० नळ्या लागतात, किंवा २ चौरस मीटरची ८ ते १० फ्लॅट प्लेट पॅनेलं. फ्लॅट प्लेट घेताना आयएस १२९३३ ची खूण बघा.

जागा, सांगाडा आणि वारा

पॅनेलचं तोंड दक्षिणेला. रत्नागिरी १७ अंश अक्षांशावर आहे. कल २० ते २५ अंश ठेवला की हिवाळ्यात, म्हणजे गरम पाणी खरोखर लागतं तेव्हा, जास्त ऊन मिळतं. सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळात सावली नको. ही तपासणी डिसेंबरमध्ये करा. २१ डिसेंबरला रत्नागिरीत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ५० अंश वर असतो, त्यामुळे मे महिन्यात निरुपद्रवी वाटणारी लिफ्टरूम किंवा शेजारचा माड तेव्हा अख्खं पॅनेल झाकतो.

कोकणातली खास अडचण म्हणजे गच्चीवरची पत्र्याची शेड. गळतीपासून वाचायला बहुतेक बिल्डिंगांवर ती असतेच. शेडच्या पत्र्यावर किंवा पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर) सोलरचं वजन कधीही टाकू नका. ५०० लिटरची सिस्टिम पाणी, नळ्या आणि सांगाड्यासकट सातशे किलोच्या आसपास जाते. सांगाड्याचे पाय शेडमधून खाली स्लॅबपर्यंत न्या, तेही बीम किंवा कॉलमच्या डोक्यावर, आणि पाय जिथून पत्रा भेदतात तिथे फ्लॅशिंग (पाणी अडवणारी पट्टी) करून घ्या. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही या कामाला घ्याच. शेड नसेल तर स्लॅबला ड्रिल मारू नका. ३० सेंटिमीटरचे काँक्रीटचे पेडेस्टल ओतून त्यात बोल्ट पुरा. वॉटरप्रूफिंगला एक भोक पडलं की सोलरची बचत गळती काढण्यात जाते.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर आणि मे २०२१ च्या तौक्तेने पुढे दक्षिणेकडे गच्चीवरच्या वस्तूंचं काय होतं ते दाखवलं. सांगाड्याचं डिझाइन आयएस ८७५ भाग ३ प्रमाणे वाऱ्याचा भार धरून मागा. वादळाची सूचना आली की टाक्या काठोकाठ भरून ठेवा आणि आउटलेट बंद करा. भरलेली टाकी जागची हलत नाही, रिकामी उडते.

सांगाडा हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) हवा आणि जोड बोल्टचे हवेत. जागेवर वेल्डिंग केलं की त्या ठिकाणचं जस्त जळून जातं आणि खारा वारा नेमका तिथूनच शिरतो. करावंच लागलं तर त्याच दिवशी झिंकचा रंग दोन हात. टाकीला किंवा तांब्याला थेट जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचं) निपल लावू नका, मध्ये पितळेचं फिटिंग घाला. दोन धातू थेट भिडले की जीआय वर्षभरात आतून लाल चिखल होऊन जातं. सांगाडा अर्थिंगला जोडा. वळवाच्या विजा आपल्याकडे काही कमी नाहीत.

उंचीचा हिशोब आणि व्हेंट

सोलरच्या टाकीला थंड पाणी गुरुत्वाकर्षणानेच येतं, म्हणून थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवा. व्हॅक्यूम नळ्यांच्या सिस्टिमसाठी साधारण ७ फूट उंची लागते. फ्लॅट प्लेटमध्ये आणखी एक पथ्य: गरम टाकीचा तळ पॅनेलच्या वरच्या कडेपेक्षा निदान ३० सेंटिमीटर उंच हवा, नाहीतर रात्री पाणी उलटं फिरतं आणि पॅनेल आकाशाला गरम करत बसतं.

थंड पाण्याची लाइन स्वतंत्र घ्या. मध्ये गच्ची धुवायचा नळसुद्धा काढू नका. सोलरच्या टाकीत शिरण्याआधी या लाइनला खाली इंग्रजी ‘यू’सारखा बाक द्या, शिवाय फ्लॅपचा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने सोडणारा व्हॉल्व्ह). नाहीतर गरम पाणी मागे चढून प्लास्टिकच्या टाकीत जातं आणि सकाळी थंड नळाला कोमट पाणी येतं.

व्हेंट म्हणजे टाकीच्या माथ्यावरून वर गेलेला उघडा पाइप. त्याचं तोंड थंड टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा ३० सेंटिमीटर वर काढा. कमी ठेवलं तर टाकी भरताना रोज गच्चीवर पाणी सांडेल. त्यावर कॉक बसवायचा नाही. तोंड खाली वळवून त्याला बारीक स्टीलची जाळी बांधा, कारण कुंभारमाशीला असा पाइप म्हणजे आयतं घर. तिने मातीने तोंड लिंपलं की पाणी उपसताना टाकीत हवा शिरत नाही, आत पोकळी तयार होते आणि आतली टाकी चिमटल्यासारखी आत दबते. बाहेरून काही दिसत नाही. फक्त धार कमी होते. सप्टेंबरअखेर एकदा व्हेंट बघायचाच.

गरम पाण्याची लाइन

सिस्टिमचं नाव निघतं ते इथेच. एक इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) पाइपात मीटरला सुमारे ०.४ लिटर पाणी मावतं. चार मजली बिल्डिंगमध्ये गच्चीवरचे १० मीटर आणि खाली उतरणारे १२ मीटर धरले तर तळमजल्याच्या नळाला गरम पाणी येण्याआधी ९ लिटर गार पाणी वाहतं. कंत्राटदार ‘धार चांगली येईल’ म्हणून दीड इंची डाउनटेक (खाली उतरणारी लाइन) सुचवतो. त्यात मीटरला ०.९ लिटर मावतं, म्हणजे २० लिटर, अख्खी बादली. त्यामुळे गच्चीवरचा हेडर (आडवा मुख्य पाइप) मोठा चालेल, पण खाली जाणारी लाइन एक इंचापेक्षा जाड नको आणि फ्लॅटच्या आत अर्धा इंच.

पाणी वाया जाऊ नये म्हणून रिटर्न लाइन टाका. प्रत्येक डाउनटेकच्या तळाशी, शेवटच्या फ्लॅटच्या फाट्याजवळून अर्धा इंची पाइप परत वर न्या आणि ब्राँझ किंवा एसएस बॉडीचा छोटा सर्क्युलेशन पंप लावून गरम टाकीच्या मध्यावर जोडा. पंप टाकीच्या तळापेक्षा खाली असू द्या, म्हणजे त्यात कायम पाणी राहील. बिडाचा पंप अशा उघड्या सिस्टिममध्ये गंजतो. पंपानंतर एनआरव्ही, आणि रिटर्न लाइन जिथे सर्वांत वर जाते तिथे ऑटो एअर व्हेंट. टायमर सकाळी ५:३० ते ८:३० लावा आणि रिटर्नवर थर्मोस्टॅट ४० अंशांचा. पाइप गरम झाला की पंप आपोआप थांबतो. ६० वॅटचा पंप तीन तास सलग चालला तरी पाव युनिट जळत नाही. दिवसभर चालू ठेवलात तर मात्र टाकीतली उष्णता पाइपांतून भिंतींना देऊन टाकाल.

पाइप सीपीव्हीसी, एसडीआर ११ (पाइपाच्या जाडीचा वर्ग). साधा पांढरा पीव्हीसी ६० अंशांना मऊ पडतो आणि क्लॅम्पमधून झोळीसारखा लोंबतो. टाकीपासूनचे पहिले दोन-तीन मीटर तांब्याचे किंवा एसएसचे घ्या, कारण ओस दिवसांत तिथे सीपीव्हीसीच्या मर्यादेपलीकडचं पाणी येऊ शकतं. सीपीव्हीसी उष्णतेने बराच लांबतो: २० मीटरच्या सरळ लाइनला ४० अंश फरकाने ५ सेंटिमीटर. मध्ये लूप द्या आणि क्लॅम्प घट्ट आवळू नका; नाहीतर टी (तीन तोंडांचा जोड) फुटतो, आणि तो बहुधा भिंतीतलाच असतो. लाइनवर १९ मिलिमीटरचं नायट्राइल इन्सुलेशन चढवा. उन्हात ते चार-पाच वर्षांत भुसभुशीत होतं, त्याआधी कावळे टोचून काढतात, म्हणून गच्चीवरच्या भागाला ॲल्युमिनियमचं आवरण हवं.

वरच्या मजल्यावाल्यांना आधीच सांगून ठेवा: तुमच्या शॉवरला जेमतेम अडीच मीटरचा दाब मिळतो. मोठी चकती असलेला रेन शॉवर यावर चालत नाही.

मिक्सरमधून होणारी चोरी

टाकीत संध्याकाळी ६० अंश, सकाळी ४०, आणि रात्री कोणी पाणी वापरलेलं नाही. अशा वेळी नव्वद टक्के संशय मिक्सरवर, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या नळावर, घ्या. कुणीतरी मिक्सर उघडा ठेवून फक्त पुढची हँड शॉवरची गन बंद केलेली असते. मग थंड आणि गरम लाइन आतल्या आत जोडली जाते. त्यात एखाद्याने थंड लाइनवर प्रेशर पंप बसवला असेल तर तो थंड पाणी गरम लाइनमधून थेट गच्चीवर ढकलतो आणि व्हेंटमधून पाणी पडायला लागतं.

शोधायचं असं: रात्री १० ला टाकीच्या आउटलेटचं तापमान लिहून ठेवा आणि मुख्य गरम व्हॉल्व्ह बंद करा. सकाळी घट ५-६ अंशांच्या आत असेल तर टाकी निर्दोष, चोरी खाली आहे. मग एकेका फ्लॅटचा गरम कॉक बंद करत रात्री तपासा. इतकी कटकट पुढे नको असेल तर प्रत्येक बाथरूमच्या दोन्ही लाइनवर सुरुवातीलाच एनआरव्ही घाला. फ्लॅपचाच. स्प्रिंगचा एनआरव्ही गच्चीच्या कमी दाबाला नीट उघडत नाही आणि मग प्लंबर सोलरला दोष देतो.

पावसाळा आणि गणपती

जून ते सप्टेंबर सोलरवर विसंबू नका. पाऊस उघडला की कोमट पाणी, धो धो लागला की काही नाही. पर्याय दोन. टाकीत इलेक्ट्रिक एलिमेंट: ५०० लिटर २७ वरून ४५ अंशांवर न्यायला साडेदहा युनिट लागतात, ३ किलोवॉटच्या एलिमेंटला साडेतीन तास. बिल सोसायटीच्या कॉमन मीटरवर येतं, आणि बंद फ्लॅटवाले त्यावरून भांडतात. दुसरा आणि बरा पर्याय म्हणजे सोलरची लाइन प्रत्येकाच्या १० किंवा १५ लिटरच्या गीझरच्या इनलेटला देणं. थर्मोस्टॅट ४५ वर. पाणी गरमच आलं तर गीझर पेटत नाही, कोमट आलं तर उरलेलं तापवतो, बिल ज्याचं त्याला. गीझरला बायपासचे तीन कॉक लावा, म्हणजे उन्हाळ्यात तो पूर्ण बाजूला ठेवता येतो. ३ लिटरचा इन्स्टंट गीझर या जोडणीत घालू नका. ६० अंशांचं पाणी आत गेलं की त्याचा कटआउट सारखा पडतो. कुठलाही पर्याय घ्या, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग यात तडजोड नको.

अनुदानाची चौकशी बरेच जण करतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरसाठी नाही.

पहिल्यांदा पाणी भरताना आणि नंतर

रिकाम्या नळ्या उन्हात अर्धा तास राहिल्या तरी आतून शंभर अंशांच्या पार जातात. त्यात थंड पाणी सोडलं की काच तडकते. त्यामुळे भरणं सूर्योदयापूर्वी किंवा दिवस मावळल्यावरच. धुणंही सकाळी लवकर. खारं पाणी आणि धूळ मिळून काचेवर पातळ चिकट थर बसतो. ऑक्टोबर ते मे दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने धुवा.

नळी बाद झाली हे ओळखायला मिस्त्री लागत नाही. चांगल्या नळीच्या बंद टोकाला आतून आरशासारखी चंदेरी चकाकी असते. व्हॅक्यूम गेला की ती दुधी पांढरी होते. डिसेंबरच्या पहाटे तर लांबूनच कळतं: सगळ्या नळ्यांवर दव, एकीवर नाही. आतली ऊब बाहेर गळते म्हणून ती कोरडी. दोन-तीन जादा नळ्या आणि सिलिकॉनची सीलं लिफ्टरूममध्ये ठेवून द्या, शेडखाली.

टाकीच्या तळाचा ड्रेन दर तीन महिन्यांनी उघडा. पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात आणखी एकदा, कारण जांभ्याच्या विहिरीचं पाणी तेव्हा लालसर गाळ आणतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडा. बागेला चालतं.

गणपतीच्या आठ दिवस आधी एलिमेंट किंवा गीझर चालू करून बघा, आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबा, पंपाचा टायमर पहाटे ४:३० ला आणा, कारण त्या दिवसांत बिल्डिंग लवकर उठते. बंद फ्लॅट उघडणाऱ्यांनी अंघोळीआधी गरम नळ पाच मिनिटं मोकळा सोडावा. महिनोन्‌महिने पाइपात थांबलेलं पाणी असतं, आणि पहिले दोन लिटर गंजाच्या रंगाचे आले तर घाबरायचं नाही. तिसरी बादलीही तशीच आली तर मात्र त्या फ्लॅटमध्ये कुठेतरी जीआयचं निपल लावलेलं आहे.